सकाळची चार सेकंदांची खडखड : एका ऑईल फिल्टरचं प्रकरण

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, टायमिंग चेनवाली (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी), आठ वर्षं जुनी, रनिंग ४६ हजारच्या आसपास. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोष गाडीचा नव्हताच, आणि नाव लिहिलं की लोक लगेच "ती गाडीच तसली" म्हणून मोकळे होतात. मालक म्हणजे जुळे सोलापुरातले एक रिटायर्ड सर. गाडीचं काम ठरलेलं, गुरुवारी अक्कलकोट, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर धरा, मधनं कधी तुळजापूर, बाकी आठवडाभर गाडी कव्हर घालून पत्र्याच्या शेडखाली उभी. हे उभं राहणं ध्यानात ठेवा, सगळी केस त्याच्यावरच आहे.

तक्रार अशी होती की गाडी रात्रभर किंवा दोन-तीन दिवस उभी राहिली की पहिल्या स्टार्टला इंजिनातनं खडखड येते, तीन-चार सेकंद टिकते आणि मग एकदम गप. दिवसभरात परत कितीही वेळा बंद-चालू करा, काही नाही. सर दसऱ्याच्या आधी गाडी सर्व्हिसिंगला देतात, खंडेनवमीला पूजा करायची म्हणून, गेल्या दसऱ्याला नेहमीचा माणूस नव्हता म्हणून दुसऱ्याच एका गॅरेजात दिली होती. ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर असं सगळं बदललं होतं, बिल पण होतं. आवाज साधारण फेब्रुवारीत सुरू झाला, आधी कधीतरी यायचा, पाडव्यापर्यंत रोजचा झाला. सर परत त्याच गॅरेजात गेले तर तिथं दोन मिनिटं ऐकून सांगितलं की टायमिंग चेन गेली, चेन, टेन्शनर, गाईड असा सगळा किट बदलायचा, मजुरी धरून अठरा हजार. आणि तेवढे नको असतील तर तात्पुरतं २०डब्ल्यू-५० टाका, ऑईल जाडं झालं की आवाज दबेल. पुण्यातल्या मुलाचं फोनवर एकच म्हणणं, बाबा विकून टाका.

सर आमच्या गॅरेजात आले ते गाडी विकायच्या आधी एकदा दाखवावी म्हणून. आले दुपारी, गाडी चालवत, म्हणजे इंजिन गरम. गरम इंजिनावर हा आवाज येणारच नव्हता. बरेच मेकॅनिक इथंच गडबड करतात, गाडी समोर आली की लगेच बॉनेट उघडून कान लावतात, आवाज नाही आला तर "काय नाय सर, बिनधास्त चालवा" आणि आलाच तर सगळ्यात महागडा पार्ट. आमच्या वस्तादांनी पहिला प्रश्न विचारला तो आवाज कसा येतो हा नव्हता, कधी येतो हा होता.

"गाडी रात्री इथंच ठेवा सर. सकाळी मी स्टार्ट करणार, तुम्ही पण या."

"सकाळी किती वाजता?"

"साडेसातला. का, पाणी यायचंय का उद्या?"

"उद्या नाही, परवा आहे. येतो मी."

(सोलापूरकरांना हा संवाद समजावून सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी एवढंच की आपल्याकडं अपॉईंटमेंट कॅलेंडर बघून नाही, नळाची पाळी बघून ठरतात.)

सकाळी आधी डिपस्टिक काढली. लेव्हल बरोबर, दोन खुणांच्या मधे थोडी वरच. ऑईलचा रंग तपकिरी, सहा महिन्यांचं आणि दोन-अडीच हजार किलोमीटर चाललेलं ऑईल जसं असायला पाहिजे तसं. कमी ऑईलनं पण असा आवाज येऊ शकतो, म्हणून ते आधी बाजूला काढलं. मग वस्तादांनी सरांनाच स्टार्टर मारायला लावला आणि सांगितलं की आवाजाकडं लक्ष देऊ नका, डॅशबोर्डवरच्या लाल ऑईलच्या दिव्याकडं बघा, तेलाच्या झारीसारखं चित्र असतं तो. गाडी स्टार्ट झाली, खडखडली, आणि दिवा चालूच. एक, दोन, तीन, चार, दिवा विझला आणि त्याच क्षणी खडखड थांबली. सर म्हणाले, "हा दिवा तर रोजच लागतो की, सगळेच दिवे लागतात." बरोबर आहे, चावी फिरवली की सगळेच लागतात, पण हा दिवा इंजिन चालू झाल्यावर साधारण सेकंदभरात विझला पाहिजे. या दिव्याचा स्विच अगदी कमी प्रेशरला सेट असतो, बहुतेक गाड्यांत ०.२ ते ०.५ बारच्या मधे कुठंतरी, म्हणजे दिवा चालू आहे याचा अर्थ इंजिनात ऑईलचं प्रेशर जवळजवळ शून्य आहे. आवाज आणि दिवा दोन्ही एकाच वेळी थांबले, इथंच केस अर्धी सुटली होती असं मला वाटतं, पण वाटण्यावर अठरा हजाराचा निर्णय होत नसतो.

आता चेन आणि ऑईलचा संबंध काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टायमिंग चेन ताणून धरायला जो टेन्शनर असतो तो बऱ्याच इंजिनांत हायड्रॉलिक असतो, आत एक पिस्टन, मागनं ऑईलचं प्रेशर आलं की तो पुढं सरकून गाईडला दाबतो आणि चेन टाईट राहते. इंजिन बंद झालं की प्रेशर जातं, तरी आतल्या स्प्रिंगनं आणि साठलेल्या ऑईलनं काम भागतं. सकाळी स्टार्ट केल्यावर ऑईल वेळेत पोचलं नाही तर तेवढा वेळ चेन सैल, गाईडवर आपटत राहते. म्हणजे आवाज चेनचाच होता, दुसऱ्या गॅरेजवाल्याचा कान चुकीचा नव्हता. पण आवाज जिथनं येतो तिथंच बिघाड आहे असं धरून चालणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे.

मग ऑईल प्रेशर स्विच काढून त्या जागी टी-जोड लावून प्रेशर मोजायचा मेकॅनिकल गेज जोडला. गरम इंजिनावर आयडलला (ॲक्सिलरेटरला पाय न लावता) सव्वा बारच्या आसपास, तीन हजार आरपीएमला तीनच्या वर. म्हणजे पंप ठणठणीत, बेअरिंगमधला गॅप पण फार वाढलेला नाही, नाहीतर गरम झाल्यावर प्रेशर ढासळलं असतं. मग गाडी बंद करून दहा मिनिटांनी स्टार्ट केली, सुई लगेच वर, आवाज नाही. दुपारपर्यंत ठेवली आणि परत स्टार्ट केली तर सुई थोडा वेळ अडकून मग वर, आवाज आला न आला असा. म्हणजे गाडी जेवढा जास्त वेळ उभी तेवढी खडखड लांबत होती. चेन झिजून लांब झाली असती तर तिला काय माहीत गाडी किती तास उभी होती? झिजलेली चेन गरम इंजिनावर पण बोलते, आयडलला कुरकुरते, ॲक्सिलरेटर सोडला की बोलते, आणि फारच लांबली तर स्कॅनरला क्रँक आणि कॅम (चेननं जोडलेले दोन शाफ्ट) यांचं गणित जुळत नाही म्हणून पी००१६ सारखा कोड येतो. इथं स्कॅनर स्वच्छ होता. वेळेवर अवलंबून असणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ऑईल हळूहळू खाली उतरणं.

पुढच्या सकाळची टेस्ट मला सगळ्यात आवडली. फ्यूल पंपचा रिले काढून ठेवला, म्हणजे स्टार्टर मारला तरी इंजिन फिरेल पण पेटणार नाही. सेल मारत राहिलो, मधे थांबून बॅटरीला आणि स्टार्टरला विश्रांती देत, गेजची सुई हलेपर्यंत. सुई वर आली, रिले परत लावला, स्टार्ट केली. एकदम गप. रात्रभर उभी राहिलेली गाडी, थंड इंजिन, तीच चेन, तोच टेन्शनर, फक्त ऑईल आधी पोचवलं. सर म्हणाले, "म्हणजे चेन चांगली आहे?" वस्ताद म्हणाले, "म्हणजे चेनला आता उघडायची गरज नाही." दोन्हीत फरक आहे आणि वस्तादांनी तो नीट पाळला.

मग राहिला प्रश्न, ऑईल उतरतंय कुठनं. इथं फिल्टरच्या आत काय असतं ते बघावंच लागेल, कारण बहुतेक लोकांच्या डोक्यात ऑईल फिल्टर म्हणजे आत कागद असलेला एक डबा, कचरा अडवणारा, बस. कचरा तर तो अडवतोच. साधा फिल्टर साधारण २० ते ३० मायक्रॉनच्या वरचे कण बऱ्यापैकी पकडतो, माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि क्रँकच्या बेअरिंगमधला गॅप ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, त्यामुळं तेवढा कण पण तिथं ओरखडा काढायला पुरतो. पण मोटारीचं सगळंच ऑईल फिल्टरमधनं जायला लागलं तेव्हापासून त्या डब्याला आणखी दोन कामं लागली. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींना पहिले ऑईल फिल्टर लागले ते बाजूच्या फाट्यावर असायचे, पंपातनं निघालेल्या ऑईलचा थोडासाच भाग त्यातनं जायचा, बाकीचं तसंच बेअरिंगला. तो फिल्टर चोंदला तर इंजिनाला कळायचं पण नाही. आताच्या पद्धतीत पंप ते बेअरिंग हा रस्ताच फिल्टरमधनं जातो, मग फिल्टर चोंदला किंवा ऑईल फार घट्ट असलं तर बेअरिंग उपाशी. म्हणून आत बायपास व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगवाला, कागदाच्या अलीकडं-पलीकडं साधारण एक-दीड बारचा फरक पडला की उघडतो आणि ऑईल न गाळता पुढं सोडतो. घाण ऑईल मिळालं तरी चालेल पण ऑईलच नाही असं नको, एवढा साधा हिशोब. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसतो, ब्लॉकमध्ये असतो.

दुसरं काम म्हणजे अँटी ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. नाव मोठं, वस्तू म्हणजे रबराची एक गोल चकती. फिल्टरच्या तोंडाकडं बघितलं तर मधे आट्याचं मोठं भोक आणि भोवती गोलाकार छोटी-छोटी भोकं दिसतात. छोट्या भोकांतनं घाण ऑईल आत येतं, कागदातनं गाळून मधल्या भोकानं बाहेर. त्या छोट्या भोकांना आतल्या बाजूनं ही चकती चिकटून बसलेली असते. पंप चालू झाला की ऑईल तिला ढकलून आत येतं, इंजिन बंद झालं की ती परत भोकांवर बसते आणि डब्यातलं ऑईल पंपातनं संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात, उतरू देत नाही. ज्या गाडीत फिल्टर उभा असतो, तोंड वर करून, तिथं ऑईल आपोआपच डब्यात राहतं, चकती खराब झाली तरी फारसं कळत नाही. पण आडवा किंवा उलटा फिल्टर असेल तर सगळी भिस्त त्या चकतीवर. सरांच्या गाडीचा फिल्टर ब्लॉकच्या बाजूला आडवा होता.

आणि सरांच्या गाडीचा फिल्टर काढताना जे दिसलं ते मला कुठल्याही गेजपेक्षा जास्त पटलं. रात्रभर उभ्या गाडीला स्टार्ट न करता लिफ्टवर घेतली, पोरानं खाली ट्रे धरला, कारण आडवा फिल्टर सैल केला की ऑईल हातावरनं कोपरापर्यंत येतं हे ठरलेलं. फिल्टर इतका आवळलेला की हातानं हलेना, बेल्टचा पाना लावून सैल केला. ट्रेमध्ये काही पडलंच नाही. चार थेंब. ज्या डब्यात पाव लिटरच्या आसपास ऑईल असायला पाहिजे तो रात्रीतनं रिकामा झालेला. पोरगं ट्रेकडं आणि वस्तादांकडं आळीपाळीनं बघायलंय. सकाळी स्टार्ट केल्यावर पंप आधी हा रिकामा डबा भरणार, मग गॅलरी म्हणजे इंजिनातले ऑईलचे रस्ते, मग टेन्शनर. हेच ते चार सेकंद.

तेवढ्यात अजून एक गंमत. पोरगं नवीन फिल्टर घेऊन लावायला निघालं तर वस्ताद ओरडले, "थांब बे! जुन्याची रिंग कुठंय?" काढलेल्या फिल्टरच्या तोंडावर रबरी रिंग नव्हतीच, ती ब्लॉकला चिकटून राहिलेली. तशीच ठेवून वर नवीन फिल्टर लावला की रबरावर रबर, आयडलला काही गळत नाही, गाडी धुऊन-पुसून ग्राहकाच्या ताब्यात, आणि हायवेला प्रेशर वाढलं की वरची रिंग बाहेर सरकते आणि दोन-चार मिनिटांत अख्खं ऑईल रस्त्यावर. त्यानंतर इंजिन सीझ व्हायला किती वेळ लागतो ते वेगळं सांगत नाही. जुना फिल्टर काढला की त्याच्या तोंडाकडं बघायचं, रिंग आली का, नसेल तर ब्लॉकवर बोट फिरवायचं. जास्त आवळलेल्या फिल्टरचीच रिंग बहुतेक वेळा चिकटून राहते, सोलापूरच्या उन्हात तर भाजूनच बसते.

नवीन फिल्टर लावताना दसऱ्याचंच ऑईल ठेवलं, बदललं नाही. सरांना ते पटेना, म्हणाले आता उघडलंच आहे तर ऑईल पण टाकून घ्या. पण ऑईल पण बदललं असतं आणि आवाज गेला असता तर कशानं गेला ते कळलंच नसतं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ब्लॉकची बसायची जागा कापडानं पुसली, नवीन रिंगला बोटानं ऑईल लावलं (कोरडी रिंग फिरताना पिळते), हातानं फिरवत नेला, रिंग टेकली की तिथनं पाऊण फेरा. पाना नाही. कुठल्या फिल्टरला पाऊण, कुठल्याला एक फेरा, ते डब्यावरच छापलेलं असतं, चित्र काढून, तरी पण पान्यानं आवळणारे आवळतातच. काही जण फिल्टर आधी ऑईलनं भरून लावतात, उभ्या फिल्टरला ते ठीक आहे पण मधल्या मोठ्या भोकातनं ओतू नका, ती गाळलेल्या ऑईलची बाजू, तिथं पडलेला कचरा थेट बेअरिंगला. आडव्याला तर भरून लावायला गेलं की निम्मं अंगावरच येतं. आम्ही रिकामाच लावला आणि पहिल्या स्टार्टला ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही, त्या एका वेळी दिवा दोन-तीन सेकंद राहणारच. मग इंजिन चालू ठेवून टॉर्चनं रिंगच्या कडेनं बघितलं, बंद केलं, थोडा वेळ थांबून डिपस्टिक, आणि पाव लिटर त्याच ग्रेडचं ऑईल टॉप-अप.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या आधी हजर. स्टार्ट केली, दिवा विझला, सुई वर, आवाज नाही. सरांनी बंद करून परत स्टार्ट करून बघितली, जणू गाडी लाजून गप बसली असेल. पण एका सकाळवर आम्ही गाडी सोडली नाही, म्हणजे सोडली पण सांगितलं की गुरुवारी अक्कलकोट करून या, मग नेहमीसारखी उभी ठेवा आणि पुढच्या गुरुवारी निघताना फक्त दिवा बघा. आठवडाभर उभी राहिल्यावरच खरी परीक्षा. सरांचा फोन आला तो अक्कलकोटहूनच, मंदिराच्या बाहेरनं, मागं आरतीचा आवाज.

आता काढलेला फिल्टर. तो आम्ही कापला. हॅकसॉनं नाही, हॅकसॉचाच किस आत पडतो आणि मग इंजिनातनं लोखंड येतंय म्हणून उगाच घबराट. डबा उघडायच्या ओपनरसारखा फिल्टर कटर मिळतो, त्यानं कडेनं कापला. कागदाच्या घड्या उलगडून, ऑईल निथळून उन्हात धरल्या. काळपटपणा होता, चकाकणारं काही नाही, मॅग्नेट फिरवला तरी काही चिकटलं नाही. चेन गाईडला खात असती किंवा बेअरिंग झिजत असतं तर इथं दिसलं असतं. चेन न उघडायच्या निर्णयावर माझ्यासाठी हा शेवटचा शिक्का होता.

आणि ती चकती. बोटानं वाकवायला गेलो तर आपल्या कडक भाकरीसारखी, वाकायच्या आधी मोडायला आली. काळं रबर, म्हणजे बहुतेक नायट्राईल. नवीन फिल्टरची चकती भोकातनं टाचणीच्या मागच्या टोकानं दाबली तर मऊ, सोडल्यावर परत जागेवर बसणारी. जुनीची कड एका बाजूला उचललेली, भोकांवर टेकतच नव्हती. नायट्राईल तसं वाईट नाही, साधारण १०० ते १२० डिग्रीपर्यंत टिकतं, सिलिकॉन त्याच्या बरंच पुढं जातं. पण इंजिन ऑईलच नॉर्मल चालताना शंभरीला पोचतं, त्यात आपला एप्रिल-मे, बाहेर ४२-४३, एसी चालू, सात रस्ता चौकात सिग्नलवर उभं, आणि फिल्टर एक्झॉस्टच्या जवळ. हलकं रबर असेल तर ते सहा महिन्यांत कडक होणं यात मला आश्चर्य वाटलं नाही. कागदाच्या घड्या पण एकीकडं दाट, एकीकडं विरळ. बिलावर फिल्टरची किंमत बघितली तर चांगल्या फिल्टरच्या निम्म्याहून कमी, आणि चांगला फिल्टर तरी कितीला, दीड-दोनशे रुपये.

त्या गॅरेजवाल्याचं म्हणणं असणार की आटे बरोबर बसले होते, गळत नव्हता. खरं आहे. २० मिलिमीटर व्यासाचे, दीड पिचचे आटे कितीतरी गाड्यांच्या फिल्टरला असतात, एकाचा दुसऱ्यावर आरामात चढतो. पण बायपास किती प्रेशरला उघडतो, चकती आहे की नाही, रिंगचा व्यास किती, हे आटे सांगत नाहीत. उभ्या फिल्टरच्या गाडीसाठी बनवलेल्या फिल्टरमध्ये चकती नसली तरी त्या गाडीला चालतं, आडव्यावर तोच लावला तर रोज सकाळी खडखड. पार्ट नंबर बघूनच घ्यायचा, "हा पण बसतो सायेब" वर नाही.

जाड्या ऑईलचं पण बोलून टाकतो, कारण "आपल्याकडं ऊन लई, जाडंच टाका" हे सोलापुरात प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. सरांच्या गाडीला मॅन्युअलप्रमाणं ५डब्ल्यू-३० लागतं. २०डब्ल्यू-५० टाकलं असतं तर रिकामा फिल्टर भरायला अजून वेळ लागला असता, कागदातनं जाड ऑईल सरकायला नको म्हणतं म्हणून थंड इंजिनावर बायपास जास्त वेळ उघडा राहिला असता, म्हणजे त्या वेळचं ऑईल न गाळताच बेअरिंगला. आवाज कदाचित थोडा दबला असता आणि त्याच्याखाली झीज चालू राहिली असती. बाहेर ऊन असलं तरी इंजिनाला थर्मोस्टॅट आणि रेडिएटर आहे, ग्रेड मॅन्युअलमधनं ठरवायचा, पंख्याखाली बसून घाम किती येतोय त्याच्यावरनं नाही.

सरांचा शेवटचा प्रश्न रास्त होता, गाडी वर्षाला चार हजारच फिरते, मॅन्युअलमध्ये दहा हजार लिहिलंय, मग दर दसऱ्याला बदलायचा कशाला? मॅन्युअलमध्ये दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं आहे, त्यातलं "एक वर्ष" लोक वाचत नाहीत. रबर किलोमीटर मोजत नाही. आणि ऑईलमध्ये मुरलेला पेट्रोलचा अंश, पाण्याचा ओलावा, संपलेली ॲडिटिव्ह, ह्यातलं काहीच फिल्टर गाळू शकत नाही, त्याला ऑईलच बदलावं लागतं. तसंच नुसतं ऑईल बदलून जुना फिल्टर ठेवला तर डब्यातलं पाव लिटर काळं ऑईल नव्यात मिसळतं. दोन्ही एकदम, वर्षातनं एकदा, सरांना दसरा सोयीचा आहे तर दसरा.

डिझेलवाल्यांसाठी आणि ज्यांच्या गाडीत डबा नसून प्लॅस्टिकच्या टोपीखाली नुसता कागदाचा एलिमेंट असतो त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. तिथं ऑईल परत उतरू न देणारा व्हॉल्व्ह बऱ्याचदा हाऊसिंगमध्येच असतो, एलिमेंट बदलून सकाळची खडखड जाणार नाही. टोपीची ओ-रिंग मात्र प्रत्येक वेळी नवीन, आणि टॉर्क, म्हणजे किती जोरानं आवळायचं ते, टोपीवर लिहिलेला असतो, बऱ्याच ठिकाणी २५ न्यूटन मीटर. हातातल्या ताकदीवर सोडलं की टोपीला तडा.

कापलेला फिल्टर आणि निथळलेलं ऑईल ड्रममध्ये गेलं, वापरलेलं ऑईल उचलणारे लायसन्सवाले असतात त्यांच्यासाठी. नालीत नाही, आणि सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला मागायला येणाऱ्यांना पण आम्ही देत नाही, त्यावरनं आमच्याशी भांडून गेलेले लोक आहेत.

सरांचं बिल फिल्टर, टॉप-अप ऑईल आणि तपासणीची मजुरी मिळून हजाराच्या आत. सरांनी मजुरीवर हुज्जत घातली नाही, फक्त तो कापलेला फिल्टर पिशवीत घालून मागितला, मुलगा पुण्याहून आला की दाखवायला. ड्रममधनं परत काढून, पुसून दिला.

त्याच उन्हाळ्यात विजापूर रोडवरची एक टॅक्सी आली, तक्रार शब्दाशब्दाला तीच, सकाळी खडखड. ड्रायव्हर सरांची गोष्ट ऐकून आलेला, म्हणाला फिल्टर बदला की झालं. दिवा बघितला तर सेकंदाच्या आत विझायला, आवाज मात्र त्यानंतर पण चालूच, आणि गरम इंजिनावर ॲक्सिलरेटर सोडला की परत. फिल्टर सैल केल्यावर ऑईल पोराच्या कोपरापर्यंत आलं. रनिंग दोन लाखाच्या वर, ऑईल कधी बदललं ते मालकाला विचारा म्हणाला. फिल्टर कापला तर घड्यांत धातूचा चकचकीत किस. त्याला चेन किटच सांगितला.